नाहीचा रकाना

दर गुरुवारी मक्याच्या शेतांमधून मीठ येतं,
ट्रकभर, पन्नास पौंडांच्या पोत्यांत.
टेरा होटला समुद्र नाही.
सगळ्यात जवळचा हजारेक किलोमीटरवर,
म्हणून आम्ही तो इथेच कालवतो,
लिटरला तीस ग्रॅम,
पिठल्यात घालावं तसं हाताच्या अंदाजानं नाही.

मी यवतमाळची. समुद्र पहिल्यांदा पाहिला
तो विमानाच्या खिडकीतून, अर्धा ढगाखाली.
टॅन्सीनं तेवढाही नाही.
ती जन्मली दोन नंबरच्या हौदात,
तेव्हा भिंती फिकट निळ्या होत्या,
फोटोत छान दिसायच्या.
एकतीस वर्षं बादलीसाठी मान वर,
बादलीमागे सूर्य.
आता उजवा डोळा दुधाळ.

आई फोनवर विचारते, मासेच सांभाळतेस ना अजून?
मासा नव्हे गं, ती अंगावर पाजते.
आई थांबते.
मग हळूच: पिल्लू आहे तिला?
होतं.
यापुढे आम्ही तुरीच्या भावाबद्दल बोलतो.

रात्रपाळीत माझं काम श्वास मोजणं.
पाच मिनिटांत किती, आणि फेऱ्या किती,
डावीकडून, डावीकडून, डावीकडून.
घाण्याच्या बैलामागे निदान तेल तरी निघतं.

मार्चमध्ये पाण्यात माइक सोडला
आणि हेडफोन लावले तर
पिठाची गिरणी.
चोवीस तास चालू, कुणाचंच दळण नसलेली.
आमचं संगीत, टाळ्या, माझं मराठी वळणाचं इंग्रजी,
काहीच नाही, फक्त पंप.
व्हर्ननला ऐकवलं. तो निवृत्त होणार होता जूनमध्ये.
ऐकून त्यानं टोपी काढली,
डोकं खाजवलं, परत घातली.
दुसऱ्या दिवशी पंपाखाली जुन्या टायरचे चार तुकडे,
आणि जून उलटून गेला तरी तो येतोच आहे.

भिंती आता गडद, ओल्या मातीच्या रंगाच्या.
वर सावलीचं कापड.
आणि फॉर्मवर, लॉरीननं भांडून मिळवलेला,
तिसरा रकाना.
आधी दोनच होते: केलं. चुकलं.
आता: नाही म्हणाली.
त्यावर खूण केली तरी मासळी तेवढीच द्यायची.
एक ग्रॅमही कमी नाही.

पहिली खूण एका शनिवारी, दुपारच्या दोनला.
बाकं भरलेली, सनस्क्रीनचा वास.
शिट्टी वाजली. ती आली,
चांगल्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं,
वळली,
आणि उघड्या फाटकातून मागच्या हौदात गेली.
काही झालं नव्हतं तिला. आजारी नव्हती.
मी माइकमध्ये म्हटलं, आज तिला नको आहे.
एवढं साधं वाक्य
मी स्वतः कुठे कधी बोलले होते, आठवत बसले.
एका गृहस्थांनी पैसे परत मागितले.
दिले. अठरा डॉलर.

मागे जाऊन तिला तिची मासळी दिली.
तिनं एक मासा खाल्ला, एक तोंडात धरून ठेवला,
बराच वेळ,
जणू या फुकटच्या माशात काय गोम आहे ते बघत होती.

हौद तो हौदच, हे मला कळतं.
टायरचे तुकडे म्हणजे खाडी नव्हे.
लॉरीन म्हणते किनाऱ्यावर कुठेतरी जाळी बांधतायत,
भरती-ओहोटीचं पाणी आत येईल अशी,
परवानग्या अडल्यात, दोन वर्षं, कदाचित चार.
टॅन्सीकडे किती आहेत ते आम्ही बोलत नाही.

रात्री अकराला फाटक उघडं ठेवून मी खुर्ची ओढते.
ती पलीकडे जाते. परत येते.
मध्यावर थांबते, अर्धी इकडे, अर्धी तिकडे,
श्वास सोडते, माझ्या चष्म्यावर खारे थेंब.
याला रकाना नाही.
मी फक्त आकडा लिहिते: अकरा.
चष्मा पुसायचा राहून जातो.